बाळंतपणानंतर रक्त कमी होणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळव्यापासून पनवेलपर्यंतच्या बाळंतिणींना आहाराचा सल्ला देणं हे माझं रोजचं काम. फोनवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी मांडली आहेत. एक गोष्ट मला फार खुपते. दिवस गेले की हिमोग्लोबिन वरचेवर तपासलं जातं. बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनाकडे आणि लसींकडे जातं, आईचं रक्त तपासायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. रक्त तर बाळंतपणातच जातं! औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. त्यांना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं, ते इथे वाचा.

1. ताई, बाळंतपणात रक्त जाणारच ना? मग "रक्त कमी आहे" असं कधी म्हणायचं?

थोडं रक्त जातंच, आणि शरीर त्याची तयारी आधीपासून करत असतं. नॉर्मल बाळंतपणात 500 मिलिलिटरच्या वर आणि सिझेरियनमध्ये 1000 मिलिलिटरच्या वर गेलं, तर डॉक्टर त्याला जास्त रक्तस्राव म्हणतात. बाळंतपणानंतर लगेच हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तर उपचार लागतातच. दीड-दोन महिन्यांनी मात्र 12 किंवा त्याहून जास्त असायला हवं. 8 च्या खाली गेलं तर ते गंभीर.

बऱ्याच जणींच्या बाबतीत गोष्ट बाळंतपणाच्या आधीच सुरू झालेली असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींचं रक्त मुळातच कमी. त्यात गरोदरपणात बाळ आपल्या वाट्याचं लोह घेतं, आणि वरून रक्तस्राव.

2. बाळ रात्रभर जागवतं, थकवा तर येणारच. हा थकवा रक्ताचा आहे हे कसं ओळखू?

थकव्यावरून नेमकं ओळखता येत नाही, म्हणून तर तपासणी. तरीही काही खुणा आहेत. बाळ झोपलं, तुम्हीही तीन-चार तास सलग झोपलात, तरी उठल्यावर अंगात त्राण नसतं. एक जिना चढला की छाती धडधडते. बाळाला पाजून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. डोकं दुखतं, हातपाय गार पडतात, केस गळतात, तोंड येतं. आरशासमोर उजेडात उभं राहून खालची पापणी खाली ओढून बघा; आतला भाग लालसर गुलाबी दिसायला हवा, पांढुरका दिसला तर तपासणी लांबवू नका.

एक खूण बायका सांगायला लाजतात : माती, खडू, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ खावासा वाटणं. ही वाईट सवय नाही. शरीरात लोह कमी असलं की असं होतं. डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा.

3. कोणत्या वेळी अजिबात थांबायचं नाही?

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, आधी कमी झालेलं रक्त पुन्हा लालभडक सुरू झालं असेल, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आणि सोबत ताप असेल, भोवळ येऊन पडलात, छातीत दुखतंय, बसल्या जागी दम लागतोय, तर लगेच रुग्णालय गाठा. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. सरकारी रुग्णालयात नेण्यासाठी बाळंतिणींना 102 ची गाडीही मिळते. असा रक्तस्राव बाळंतपणानंतर काही आठवड्यांनीही होऊ शकतो. "आता महिना झाला, काही होणार नाही" असं समजून घरी बसू नका.

उताणं झोपलं की दम लागतो, उशा रचून बसावं लागतं, पाय सुजलेत, असं असेल तर दुखणं हृदयाचंही असू शकतं. बाळंतपणाच्या आसपास हृदय कमजोर होण्याचा एक आजार आहे आणि तो बरेचदा "रक्त कमी असेल" म्हणून दुर्लक्षित राहतो.

4. कोणती तपासणी करायची, आणि कधी?

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशी मोजणारी तपासणी. साधी, स्वस्त आणि सगळीकडे होणारी. नुसतं हिमोग्लोबिन करू नका, पूर्ण सीबीसी करा. कारण तेरावा प्रश्न वाचलात की कळेल. बाळंतपणात जास्त रक्त गेलं असेल किंवा आधीपासून हिमोग्लोबिन कमी असेल, तर घरी सोडण्याआधीच तपासायला सांगा आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. बाकीच्यांनी सहाव्या आठवड्यात तपासावं.

सहावा आठवडा लक्षात ठेवायची सोपी युक्ती : बाळाची दीड महिन्याची लस. त्या दिवशी तुम्ही रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात जाताच. बाळाला लस द्यायची, आपलं रक्त तपासायला द्यायचं आणि दोन्ही कामं उरकून घरी यायचं. सरकारी कार्यक्रमात आशाताई रुग्णालयातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्या बाळासाठी येत असल्या, तरी तुमचा थकवा त्यांच्या कानावर घाला. ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पालिकांच्या नागरी आरोग्य केंद्रांतही हिमोग्लोबिन तपासलं जातं.

शरीरातला लोहाचा साठा फेरिटिन या रक्ततपासणीवरून कळतो. पण बाळंतपणानंतर काही आठवडे, किंवा अंगात जंतुसंसर्ग असताना, फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. दहाव्या दिवशी केलेलं फेरिटिन "नॉर्मल" आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

5. रुग्णालयातून लाल गोळ्या दिल्यात. त्या किती दिवस घ्यायच्या? महिनाभरात बरं वाटायला लागलंय.

पूर्ण 180 दिवस, म्हणजे सहा महिने. 2018 पासून राबवल्या जाणाऱ्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात, बाळंतपणानंतर सहा महिने रोज एक गोळी असंच ठरवलेलं आहे. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. हा डोस रक्त चांगलं असलेल्या बाईसाठीही आहे. रक्त आधीच कमी असेल तर डॉक्टर तो वाढवतात.

बरं वाटायला लागतं तेव्हा रक्त वाढलेलं असतं, साठा मात्र रिकामाच असतो. त्या टप्प्यावर गोळी सोडली तर पाळी सुरू झाल्यावर दोन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन पुन्हा घसरतं. किती घरांत फ्रिजवरच्या डब्यात अर्ध्या राहिलेल्या स्ट्रिप्स पडलेल्या दिसतात! म्हणून हिमोग्लोबिन 12 झालं तरी पुढचे तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात.

मेडिकलमधून आणत असाल तर पाकिटावर "एलिमेंटल आयर्न" किती ते बघा. गोळीचं वजन आणि त्यातलं लोह हे वेगवेगळे आकडे असतात.

आणि डबा उंच ठेवा. मोठं भावंड दोन-तीन वर्षांचं असेल तर त्याला ही लाल गोळी चॉकलेटसारखी दिसते. लहान मुलानं अशा बऱ्याच गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. तसं झालं तर उलटीची वाट न बघता थेट रुग्णालयात न्या.

6. गोळी कधी आणि कशाबरोबर घ्यायची? सकाळी चहाबरोबर घेते ते चालतं का?

चहाबरोबर नको. चहा-कॉफीतल्या घटकांमुळे लोह आतड्यातून शोषलं जात नाही, गोळी वाया जाते. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा, कॉफी, दूध टाळा. गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम.

दुसरी मोठी अडचण कॅल्शियमची. बाळंतिणीला लोह आणि कॅल्शियम दोन्ही गोळ्या देतात, आणि लक्षात राहावं म्हणून बायका दोन्ही एकदमच गिळतात. कॅल्शियम लोहाच्या आड येतं. कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर घ्या, लोह रात्री. बाळ अकरा-साडेअकराला दूध मागतंच. जेवून दोन-तीन तास झालेले असतात, तेव्हा उशाशी ठेवलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींना हीच वेळ सोयीची पडते.

ॲसिडिटीच्या गोळ्या रोज चालू असतील तर लोह कमी शोषलं जातं, डॉक्टरांना सांगा. थायरॉईडची गोळी आणि लोह यांत चार तासांचं अंतर हवं.

7. गोळीनं मळमळतं, शी काळी होते, बद्धकोष्ठता झालीय. टाके आहेत, कुंथायची भीती वाटते. बंद करू?

काळी शी होणारच, घाबरू नका. मळमळ होत असेल तर रिकाम्या पोटाचा हट्ट सोडा आणि जेवणानंतर घ्या. लोह थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी पोटात टिकेल. बद्धकोष्ठतेसाठी पाणी वाढवा, रात्री भिजवलेले काळे मनुके, पपई, पेरू, पालेभाजी खा. टाके असतील तर शी मऊ होण्याचं औषध मागून घ्या, स्तनपानात चालणारं मिळतं. हे करूनही जमत नसेल तर डॉक्टर वेगळ्या प्रकारचं लोह देतात, किंवा दिवसाआड घ्यायला सांगतात. स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नका.

8. आई अळिवाचे लाडू, बीट, डाळिंब, गूळ, खजूर सगळं देतेय. मग गोळ्यांची गरज काय?

आईचे लाडू जरूर खा. पण एक हिशेब बघा. हिमोग्लोबिन 12 असलेल्या बाईचं 500 मिलिलिटर रक्त गेलं, तर त्यासोबत साधारण 200 मिलिग्रॅम लोह जातं. चांगल्या जेवणातूनही दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह अंगी लागतं, आणि तेवढं तर रोजच्या गरजेलाच लागतं. गेलेली तूट नुसत्या खाण्यावर भरून यायला किती काळ लागेल ते तुम्हीच सांगा. म्हणून गोळी. खाणं लागतं ते नंतर साठा टिकवायला.

बीट आणि डाळिंब लाल आहेत एवढंच. 100 ग्रॅममध्ये 1 मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. फळ म्हणून खा, औषध म्हणून नको. गुळात थोडं असतं. अळिवात भरपूर असतं, पण एका लाडवात अळीव जेमतेम चमचाभर जातं, आणि लाडू दुधाबरोबर खाल्ला तर त्यातलंही कमी मिळतं. अळिवाचा लाडू सकाळी आवळ्याच्या सरबताबरोबर खाऊन बघा.

मांसाहार करत असाल तर काम सोपं आहे, कारण मटण-मासळीतलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा चांगलं शोषलं जातं. दिवाळे, करावे, घणसोली या आपल्या आगरी-कोळी गावांत तिसऱ्या आणि सुकट घरात असतेच. तिसऱ्यांत लोह उत्तम. आठवड्यातून एकदा कलेजी चालेल.

शाकाहारी असाल तर लाल माठ, शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, चवळी, हरभरे, तीळ, बाजरी. यांतलं लोह कमी शोषलं जातं, पण जेवणात लिंबू पिळलं, कोशिंबिरीत टोमॅटो असला, वर पेरू खाल्ला तर ते बरंच वाढतं. भाजी लोखंडी कढईत करा आणि झाली की दुसऱ्या भांड्यात काढा.

9. सासूबाई म्हणतात सव्वा महिना पालेभाजी, आंबट, मासे, फळ काही नाही. नुसता भात-तूप आणि मेथी. काय करू?

हा प्रश्न येतो तेव्हा मी सुनेशी बोलून झालं की सासूबाईंनाच फोनवर घेते. त्यांची भीती खोटी नसते. त्यांच्या काळी बाळंतिणीचं पोट बिघडलं, बाळाला जुलाब झाले तर डॉक्टर लांब होते. हलकं, गरम, ताजं शिजवलेलं खायला घालायचं हा त्यांचा आग्रह रास्तच आहे. अडचण येते ती पानातून पदार्थ वगळण्याची.

म्हणून जे त्यांना मान्य आहे त्यातूनच वाट काढा. पालेभाजी कच्ची नको ना? मग माठ बारीक चिरून, लसूण आणि ओवा घालून मऊ शिजवा. मुगाच्या पातळ वरणात शेवग्याचा पाला घाला. आंबटाला नको म्हणत असतील तर आवळ्याची पूड किंवा मोरावळा बहुतेक घरांत चालतो. मासे वर्ज्य असतील तर मटणाच्या सुपापासून सुरुवात करा. बाळशोपा, ओवा, डिंक यांना माझी काही हरकत नाही. जेवणानंतर मोठा कप चहा द्यायची पद्धत तेवढी मोडायला हवी. लिंबू खाल्लं म्हणून टाके चिघळत नाहीत आणि बाळाला सर्दीही होत नाही; हे आपल्या डॉक्टरांच्या तोंडून सासूबाईंना ऐकवा. सूनबाईनं सांगण्यापेक्षा ते लवकर पटतं.

शहापूर, मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर असाल तर अंगणवाडीत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून बाळंतपणानंतर सहा महिने एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. इतर ठिकाणीही स्तनदा मातांना अंगणवाडीतून शिधा मिळतो. अंगणवाडीत नाव घातलंय का, ते बघा.

10. गुरुवारचा आणि नवरात्रातला उपवास करते, चालेल?

हिमोग्लोबिन वर येईपर्यंत नको. करायचाच असेल तर साबुदाण्यावर राहू नका. राजगिरा, शेंगदाणे, खजूर, दही, फळं घ्या आणि गोळी चुकवू नका.

11. माझं रक्त कमी आहे म्हणून दूध कमी येतंय का? बाळाचंही रक्त कमी होईल? गोळी दुधातून बाळाला बाधेल?

गोळी बाधत नाही. आईच्या अंगात लोह कमी असलं तरी दुधातल्या लोहात फारसा फरक पडत नाही. शरीर बाळाचा वाटा आधी काढून ठेवतं. फार थकलेल्या आईचं दूध मात्र कमी पडू शकतं, कारण ती पाजायला बसूच शकत नाही. तिला मदतीचा हात लागतो. पावडरचा डबा आणण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणी तरी बाळाची बाकीची कामं उचलावीत.

पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं आणि सरकारी कार्यक्रमातलं लोहाचं सिरप. कमी वजनाच्या किंवा आधी जन्मलेल्या बाळाला लोह बरंच लवकर लागतं, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा.

12. डॉक्टर म्हणतात सलाईनमधून लोह देऊ. म्हणजे रक्त चढवणार का?

नाही. सलाईनमधून दिलं जातं ते लोहाचं औषध. त्यापासून शरीर स्वतः रक्त बनवतं. गोळी सोसत नसेल, हिमोग्लोबिन बरंच खाली असेल किंवा लवकर भरून काढायचं असेल तेव्हा हा मार्ग घेतात. आयर्न सुक्रोज थोडं थोडं करून काही वेळा द्यावं लागतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत 1000 मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. किंमत आणि फेऱ्या दोन्ही विचारात घ्या. पनवेलहून कळव्याला तान्हं घेऊन चार खेपा घालणं सोपं नाही.

सलाईन चालू असताना सुईच्या जागी आग होत असेल तर लगेच सांगा. औषध बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग राहतो. खाज, छातीत दाटणं, चक्कर यांपैकी काही झालं तरी सांगा. संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. दूध पाजायला काहीच हरकत नाही. चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी.

रक्त चढवतात ते सहसा हिमोग्लोबिन 7 च्या खाली असताना, किंवा रक्तस्राव चालू असताना, किंवा दम-धडधड फार असताना. गरज असेल तर नाही म्हणू नका, आणि रक्त चढवलं म्हणून गोळ्याही सोडू नका.

13. तीन महिने नेमानं गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन हलतच नाही. आता?

महिन्याभरात निदान 1 नं वाढायला हवं. वाढलं नाही तर आधी सहावा प्रश्न वाचून गोळीची वेळ तपासा. रक्त अजून जातंय का, मूळव्याधीतून पडतंय का, जंत आहेत का, हे बघा. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-12 जीवनसत्त्वाची तपासणी करा. ते कमी असताना नुसत्या लोहानं रक्त वाढत नाही.

मग येतो थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईकडून किंवा वडिलांकडून आलेला, लाल पेशी लहान बनवणारा सौम्य रक्तदोष. आपल्या ठाणे जिल्ह्यात हे विशेष लक्षात ठेवायला हवं : उल्हासनगरची सिंधी वस्ती, आणि सगळीकडे पसरलेली कच्छी, लोहाणा, पंजाबी कुटुंबं यांच्यात त्याचं प्रमाण जास्त आहे. सीबीसीवर खूण दिसते. समजा हिमोग्लोबिन 10.8, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) 63 आणि लाल पेशी 57 लाख, म्हणजे 5.7 दशलक्ष. पेशी संख्येनं भरपूर, पण आकारानं लहान. एमसीव्हीला दशलक्षातल्या आकड्यानं भागा : 63 भागिले 5.7, म्हणजे सुमारे 11. हे उत्तर 13 च्या खाली आलं की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) तपासणी करायची. फेरिटिन चांगलं असताना अशा बाईला वर्षानुवर्षं लोह देण्यात अर्थ नाही. लोहही कमी असेल तर मात्र गोळी लागतेच. मायनर आहे म्हणून ती नाकारू नये.

मायनर असेल तर नवऱ्याचीही तपासणी करा. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (वरचेवर रक्त चढवावं लागणारा गंभीर प्रकार) होण्याची शक्यता 25 टक्के असते. शहापूर, मुरबाड, पालघरकडच्या आदिवासी समाजांत सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) आढळतो. तोही याच तपासणीत कळतो.

14. कॉपर-टी बसवली तर रक्त आणखी कमी होईल का? आणि दुसरं बाळ कधी?

कॉपर-टीनं पाळीत रक्त थोडं जास्त जाऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिन फार कमी असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा. अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या, हार्मोनवाली टी असे दिवस न जाण्यासाठीचे, स्तनपानात चालणारे बाकीचे मार्ग आहेत. काही जणींना अंतरानं सुरुवातीला रक्ताचे डाग पडतात, हे आधी माहीत असू द्या. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं धरून चालू नका.

दोन बाळांत निदान दोन वर्षं जाऊ द्या, मगच पुन्हा दिवस जाऊ द्या. आणि त्याआधी सीबीसी करून घ्या.

15. कामावर जायची वेळ आली. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहिलं की घेरी येते.

26 आठवड्यांची रजा संपायच्या महिनाभर आधी सीबीसी करा. हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन उपचार होईपर्यंत वेळेची सवलत मागा. हा आजारच आहे. सकाळी उपाशी निघू नका. घेरी येतेय असं वाटलं तर लाज न बाळगता जागा मागा, कुणी ना कुणी उठतंच. ऑफिसमध्ये गोळीची वेळ चुकते, म्हणून ती रात्रीचीच ठेवा (प्रश्न 6).

16. हिमोग्लोबिन 12.4 झालं, तरी रडू येतं, काही करावंसं वाटत नाही. रक्ताचंच असेल का?

रक्त कमी असताना मन खचतं, हे खरं. पण आकडा सुधारूनही दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ असं वाटत असेल तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली तर क्षणभरही एकटं राहू नका. कुणाला तरी जवळ बोलवा आणि रुग्णालयात जा. टीएसएच ही थायरॉईडची तपासणीही करून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडणं सर्रास दिसतं.

17. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, रक्त चढवलं. दूध आलंच नाही, वर्ष झालं तरी पाळी नाही, केसही गळलेत. सगळे म्हणतात अशक्तपणा आहे.

हे अशक्तपणावर सोडून देऊ नका. फार रक्तस्राव झाला तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून तिचं काम बंद पडू शकतं. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. दूध न येणं ही त्याची पहिली खूण. पुढे पाळी न येणं, थंडी न सोसणं, रक्तदाब आणि साखर कमी होणं दिसतं. तो विरळा आहे, पण ओळखला गेला नाही तर एखाद्या तापातही जीव धोक्यात येतो. डॉक्टरांना तीन गोष्टी आठवणीनं सांगा : रक्तस्राव किती झाला, दूध आलं होतं का, पाळी आली का. कॉर्टिसोल, थायरॉईड आणि इतर हार्मोन तपासून निदान होतं, आणि कमी पडलेली हार्मोन गोळ्यांनी भरून देता येतात. बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. त्यावर किती बाटल्या रक्त चढवलं ते लिहिलेलं असतं.